मांजरांची वही

सांगलीच्या गणपती पेठेत भुसार मालाचे एक जुने दुकान आहे. मालकांनी पंचाहत्तरी गाठली आहे. घरात आणि पेठेत सारे त्यांना अण्णा म्हणतात. सकाळी दुकान उघडले, की अण्णा गादीवर बसतात, चष्मा पुसतात आणि रोजकीर्द पुढे ओढतात. हा शिरस्ता पन्नास वर्षांचा. गेली दोन वर्षे मात्र रोजकीर्दीच्या शेजारी आणखी एक लहान वही असते. तीत जमा-नावे नाही, कुणाची उधारी नाही. गल्लीतल्या मांजरांची ती वही आहे. ‘तांबडी : कानामागची जागा भरत आली. काळा बोका : आज आला नाही. पांढरी : शिंका, डोळ्यांतून पाणी.’ एखादे नवे गिऱ्हाईक ही वही पाहून हसते. पेठेतले लोक आता हसत नाहीत.

धान्याच्या दुकानाला मांजर परके नसते. उंदरांना विष घालायचे नाही, सापळाही लावायचा नाही, हा अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेला दंडक. मांजराचा नुसता वावर असला, तरी पोत्यांच्या थप्पीपासून उंदीर दूर राहतात. त्यापुढे मांजर आपल्या स्वभावानुसार काय करते, याची चर्चा घरात कुणी करत नसे. अण्णांच्या पत्नी, म्हणजे आक्का, सकाळ-संध्याकाळ मागच्या दारी दूध-भाकरीची वाटी ठेवत. आठ-दहा मांजरे ठरल्या वेळी येत, वाटी चाटून पुसून जात. त्यांतली तांबडी तेवढी दुकानात वस्तीला असे. वाटी ठेवली म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे घरातील सर्वांनाच प्रामाणिकपणे वाटे. वाटीवर येणाऱ्या मांजराकडे निरखून पाहावे, असे मात्र कुणालाच सुचले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात धाकट्या मुलाच्या पाच वर्षांच्या पोराच्या दंडावर लालसर, वाटोळा चट्टा उठला. आठवड्याभरात दुसरा गालावर दिसला. डॉक्टरांनी पाहताक्षणी नायटा म्हणून सांगितले आणि मलम लिहून देता देता विचारले, “घरात मांजर आहे का?”

त्या एका प्रश्नाने घराची झोप उडाली. कारण धाकट्या सुनेला त्या वेळी पाचवा महिना लागला होता. मांजरामुळे पोटातल्या बाळाला धोका असतो, हे तिने कुठेतरी ऐकले होते. नेमके काय आणि कसे, ते तिला ठाऊक नव्हते. त्यामुळे भीती अधिकच मोठी झाली. रात्री जेवणे आटोपल्यावर बैठक बसली. तांबडीच्या कानामागचे केस गेले आहेत, तिथे खपली धरली आहे, हे त्या दिवशी प्रथमच सर्वांच्या लक्षात आले. केस कधीपासून गेले, हे कुणालाच सांगता येईना.

धाकटा मुलगा म्हणाला, “अण्णा, मुक्या जिवाला मारा असं कुणीच म्हणत नाही. बारदानात घालू आणि आयर्विन पुलापलीकडं सोडून येऊ. तिकडं मळे आहेत, जगेल कुठंतरी.”

अण्णा काही बोलले नाहीत. लहानपणापासून त्यांनी अशी पोती जाताना पाहिली होती. सोडून देण्यात हिंसा नाही, असे सारे मानत आले होते. त्यांनीही मानले होते. पोरगा आणि सून एका बाजूला, मांजर दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मांडला, तर उत्तर उघडच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हमालाने एक रिकामे बारदान झटकून दाराशी ठेवले.

थोरल्या मुलाची मुलगी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. ती त्याच सकाळी सुट्टीला घरी आली. दाराशी बारदान पाहून तिने विचारले आणि सारे ऐकून घेतल्यावर एवढेच म्हणाली, “अण्णा, मांजर पलीकडं सोडलं तर रोग कुठं जातो?”

या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नव्हते. मग तिने एका दूरच्या शहराची हकीगत सांगितली.

ब्राझीलमधील रिओ दि जानेरो हे ते शहर. तिथे ओस्वाल्दो क्रूझ प्रतिष्ठान ही आरोग्यसंशोधनाची जुनी संस्था आहे. १९९८ पासून तिथल्या डॉक्टरांकडे स्पोरोट्रायकोसिस या बुरशीच्या रोगाचे रुग्ण वाढत्या संख्येने येऊ लागले. हातावर गाठ उठते, ती फुटून व्रण होतो आणि मग मणी ओवावेत तशा गाठी दंडाकडे चढत जातात. हा रोग वैद्यकाला नवा नव्हता. अमेरिकेत बेंजामिन शेंक यांनी १८९८ सालीच त्याचे वर्णन करून ठेवले होते. काटा रुतला, लाकडाची कुसळ लागली, की मातीतली बुरशी त्वचेत शिरते; म्हणून तो माळ्यांचा रोग समजला जाई. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकात सुमारे तीन हजार मजुरांना तो झाला, तोही खाणीतल्या लाकडी आधारांवर वाढलेल्या बुरशीमुळे. लाकडावर औषधप्रक्रिया केल्यावर ती साथ ओसरली.

रिओचे रुग्ण मात्र माळी नव्हते, खाणकामगारही नव्हते. डॉक्टरांनी प्रत्येकाला विचारून लिहून ठेवले. १९९८ ते २००१ या काळात त्या संस्थेत १७८ रुग्णांचे निदान झाले. त्यांपैकी १५६ जणांचा याच रोगाने आजारी असलेल्या मांजरांशी घरी किंवा कामाच्या ठिकाणी संबंध आला होता आणि ९७ जणांना मांजराने ओरबाडले किंवा चावले होते. रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक होती. घर सांभाळणाऱ्या, दारी आलेल्या आजारी मांजराला उचलून घेणाऱ्या, त्याची जखम पुसणाऱ्या अशा त्या स्त्रिया. पुढे २००७ साली या बुरशीचे वेगळे वाण ओळखले गेले आणि त्याला ब्राझीलचेच नाव मिळाले. मांजराच्या नाकावरच्या आणि पंज्यावरच्या व्रणांत ती बुरशी विपुल असते. बोके भांडतात, एकमेकांना बोचकारतात आणि रोग पुढे सरकतो.

आक्का इतका वेळ निवडण-टिपण करत ऐकत होत्या. त्यांचा हात थांबला. “म्हणजे ज्यांनी माया केली त्यांनाच झालं?” त्यांनी विचारले.

“माया केली म्हणून नाही, आक्का. काय झालंय ते माहीत नसताना माया केली म्हणून.”

रिओतल्या घाबरलेल्या माणसांनीही पुष्कळदा तेच केले, जे गणपती पेठेत त्या सकाळी घडणार होते. आजारी मांजरे दूरच्या वस्तीत सोडून दिली. मेलेली मांजरे मोकळ्या जागेत टाकली किंवा परसात पुरली. बुरशी मातीत तग धरून राहते. सोडलेल्या मांजराबरोबर रोग नव्या मोहल्ल्यात गेला आणि पुरलेल्या मांजराबरोबर जमिनीत शिरला. तज्ज्ञांचे सांगणे याच्या नेमके उलट होते : आजारी मांजर सोडू नका, वेगळे ठेवा, हातमोजे घालून औषध द्या, नर-मादीची नसबंदी करा, म्हणजे भटकणे आणि भांडणे कमी होतील, आणि मेलेच, तर त्याचे दहन करा. इट्राकोनॅझोल या औषधाने पुष्कळ मांजरे बरी होतात. ते महिनोन्महिने द्यावे लागते आणि व्रण भरलेला दिसताच माणसे ते मध्येच थांबवतात, हीच तेथील मोठी अडचण. २०१३ साली रिओ राज्याने या रोगाची नोंद आणि सूचना देणे सक्तीचे केले. साथ सुरू होऊन तोवर पंधरा वर्षे उलटली होती आणि रोग शहराच्या बाहेर बराच पसरला होता.

“नोंद सक्तीची व्हायला पंधरा वर्षे?” अण्णा म्हणाले. व्यापारी माणसाला हे चटकन उमगले. खतावणी पंधरा वर्षे मांडलीच नाही, तर दुकानाची काय गत होईल, हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती.

सांगलीत ती ब्राझीलची साथ नव्हती आणि तांबडीला तो रोगही नव्हता. तरी प्रश्न तोच होता. बारदान पुन्हा थप्पीवर गेले. तांबडीला झाकणाच्या टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. खोलीत अंधार करून एका विशिष्ट दिव्याचा जांभळा प्रकाश तिच्या कानामागे टाकला, तेव्हा तुटके केस पोपटी हिरवे चमकले. मांजरांत आढळणाऱ्या नायट्याच्या बुरशीची ती खूण. वखारीमागची एक खोली तांबडीसाठी मोकळी झाली. सहा आठवडे औषध, दर आठवड्याला दोनदा औषधी पाण्याने अंग पुसणे, खोलीची रोज झाडलोट. या बुरशीचे बीजकण गळलेल्या केसांबरोबर वर्षभराहून अधिक काळ टिकू शकतात, म्हणून पोराचे अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यातून काढले. दीड महिन्यात पोराचे चट्टे गेले. तांबडीच्या कानामागे बारीक लव दिसू लागली.

सुनेची भीती मात्र वेगळ्या रोगाची होती, आणि ती निराधार नव्हती. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदरपणात स्त्रीला त्याची प्रथमच लागण झाली, तर गर्भाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. पण नातीने काकूला शेजारी बसवून पुढचेही सांगितले. मांजर हे बीज आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे बाहेर टाकते. ताज्या विष्ठेतले बीज लगेच बाधक नसते. त्याला त्यासाठी किमान एक दिवस, कधी पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली, तर धोका पुष्कळ कमी होतो. मांजराला नुसते पाहिल्याने किंवा ते अंगणातून गेल्याने रोग होत नाही. माणसाला तो कच्च्या मांसातूनही होतो. शाकाहारी घराला ती वाट बंद असली, तरी न धुतलेली पालेभाजी, दूषित पाणी आणि कुंडीतली माती या वाटा उरतातच. डॉक्टरांच्या सल्ल्याने सुनेच्या रक्ताची तपासणी झाली. तिला पूर्वी कधी लागण झालेली नव्हती, म्हणजे तिला जपणे अधिक आवश्यक होते. त्या दिवसापासून तुळशीच्या कुंडीला तिने हात लावायचा नाही, भाज्या तीन पाण्यांनी धुवायच्या आणि मांजराची जागा धाकट्या मुलाने हातमोजे घालून रोज सकाळी साफ करायची, असे ठरले. ज्याने बारदान आणायला सांगितले होते, त्याच्याच वाट्याला ही सेवा आली. त्याने ती एक दिवसही चुकवली नाही.

वही सुरू झाली ती याच सुमारास. नातीने शिरवळला परत जाताना एका पानावर रकाने आखून दिले : रंग आणि खूण, नर की मादी, नसबंदी झाली का, रेबीजची लस कधी, त्वचा, डोळे-नाक, खाणे, आणि शेवटी शेरा. एखाद्या मांजराने कुणाला चावले किंवा ओरबाडले, तर त्याचा दिवस वेगळ्या शाईने लिहायचा. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे, हेही तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

मांजरे मोजण्याची ही कल्पना महाराष्ट्राला अगदीच नवी नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तो गोदीलगतच्या मांडवीत, धान्याच्या गुदामांच्या दाट वस्तीत. तिथून तो प्रांताप्रांतांत गेला. तेव्हा अमरावती भागात काम करणारे ब्यूकॅनन नावाचे इंग्रज डॉक्टर खेड्यांतली मांजरे मोजत. जिथे घरोघर मांजरे आहेत तिथे प्लेग कमी, असे त्यांचे मत बनले आणि १९०८ साली ते त्यांनी विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे असेही आढळले, की प्लेगच्या उंदरामुळे मांजर स्वतः प्लेगने आजारी पडते आणि माणसालाही तो देऊ शकते. अमेरिकेच्या पश्चिम भागात असे रुग्ण नोंदले गेले आहेत. राखणदारावरही लक्ष ठेवावे लागते, हा त्याचा अर्थ.

वहीची खरी कसोटी पहिल्याच पावसाळ्यात लागली. नऊ दिवसांत गल्लीतली चार पिल्ले मेली. उलट्या, जुलाब, आणि दोन दिवसांत खेळ आटोपलेला. पेठेत कुजबुज सुरू झाली. कुणी बर्ड फ्लूचे नाव घेतले. ते अगदीच वावगे नव्हते. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या गोठ्यांत आजारी गाईंचे कच्चे दूध प्यालेली मांजरे पटापट मेली आणि गाईंमध्ये बर्ड फ्लू शिरला आहे, हे उघडकीस येण्यास त्या मांजरांचाही हातभार लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने दगावले. त्यामुळे शेजारच्या दुकानदारांनी अण्णांना स्पष्टच सांगितले, “अण्णा, तुमची जीवदया पेठेला महाग पडंल. उद्या गाडी बोलावतो, सगळी मांजरं उचलू.”

अण्णांनी वाद घातला नाही. वही पुढे केली. कोणते पिल्लू केव्हा जन्मले, खाणे कधी सुटले, कोण कोणाच्या वाटीवर जात होते, सारे तारीखवार होते. ती पाने घेऊन धाकटा मुलगा जनावरांच्या दवाखान्यात गेला. शेवटच्या पिल्लाचा नमुनाही दिला. निदान झाले ते पॅनल्युकोपेनियाचे. पिल्लांसाठी हा रोग भयंकर. माणसाला मात्र तो होत नाही. आजारी पडलेली चारही एकाच आईची, लस न मिळालेली, हे वहीवरून कळले. उरलेल्या मांजरांना लस दिली, वाट्या वेगळ्या केल्या, मागचे दार ब्लीचिंगच्या पाण्याने धुतले. गाडी आली नाही. पेठेचे हसणे थांबले ते तेव्हापासून.

एक गोष्ट अण्णांना बरेच दिवस टोचत राहिली. मांजरांच्या अंगावर पिसवा असतात आणि मांजराच्या ओरबाड्यातून येणारा एक ताप या पिसवांमुळेच मांजरामांजरांत पसरतो. पिसवांचे औषध घालायचे म्हणजे एका जिवासाठी असंख्य जिवांचा घात. आक्कांनी याचे उत्तर शोधले ते केरसुणीत. मांजरे बसतात ती बारदाने आठवड्याला उन्हात टाकायची, फरशी कोरडी ठेवायची, धूळ साचू द्यायची नाही. म्हणजे पिसवांची उत्पत्तीच कमी होते. “जीव मारण्यापेक्षा तो निपजूच नये अशी काळजी घ्यावी, हाच यत्नाचार,” असे त्या म्हणतात. तरीही एखादे मांजर पिसवांनी बेजार होते, तेव्हा औषध घालावे लागते. अण्णा ते घालू देतात आणि त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहितात. लपवून ठेवलेला खर्च वहीला चालत नाही.

सुनेला मुलगी झाली. धडधाकट आहे. ती आता भिंतीला धरून चालते आणि मागच्या दारी वाटीवर आलेल्या मांजरांना बोट दाखवते. तिचा हात धरून उभ्या असलेल्या आक्का आधी प्रत्येक मांजराचे कान, नाक, डोळे पाहून घेतात आणि मग वाटी पुढे सरकवतात. पेठेतल्या आणखी तीन दुकानांत अशा वह्या सुरू झाल्या आहेत. महिन्यातून एकदा त्या एकमेकांशी ताडून पाहतात, कारण दुकानांच्या हद्दी मांजरांना ठाऊक नसतात.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर नव्या रोजकीर्दीशेजारी नातीने मांजरांची नवी वहीही ठेवली. कुणी काही म्हटले नाही. अण्णांनी दोहोंवर सारखेच गंध लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातली पहिली ओळ लिहिली गेली : ‘तांबडी : त्वचा स्वच्छ. खाणे ठीक.’